सखा सप्तपदी भव

लग्नाला गुरुजी मिळवणं हे बडोद्यात कधीच अवघड काम नव्हतं. दांडिया बाजारातून रावपुऱ्यापर्यंत नुसतं चालत गेलं तरी पिढ्यानपिढ्या पौरोहित्य करणारी दोन-चार घरं लागतात. माझ्या लेकीच्या लग्नासाठी मात्र मी पाच आठवडे फिरले. अडचण मुहूर्ताची नव्हती, दक्षिणेचीही नव्हती. लग्नात दोन्ही बाजूंनी मुलीच होत्या. माझी मृणाल आणि आणंदची हेतल.

पहिल्या गुरुजींनी चहा विचारला, सगळं ऐकून घेतलं आणि "ताई, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही" म्हणून हात जोडले. दुसरे म्हणाले, सत्यनारायण सांगा, उदकशांत सांगा, येतो. पण लग्न म्हणू नका आणि माझं नाव कुठे घेऊ नका. मला तेव्हा त्यांचा फार राग आला. आता तेवढा नाही, कारण त्या दोन पायऱ्यांवर मी स्वतःही बरीच वर्षं बसून होते.

मृणालने मला सांगितलं ते २०१८ च्या गणपतीत. ६ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाचा ३७७ कलमाचा निकाल आला होता. प्रौढांनी आपखुशीने ठेवलेले समलिंगी संबंध हा गुन्हा राहिला नव्हता. पेपरात पहिल्या पानावर फोटो होते, ते मी पाहिले आणि पान उलटलं. आठवड्याने गणपती बसले. गौरी जेवल्या त्या रात्री आम्ही दोघी ओट्यापाशी भांडी पुसत होतो. ती म्हणाली, "आई, हेतल माझी नुसती मैत्रीण नाही." मी हातातलं पातेलं पुसतच राहिले. तिला जवळ घेतलं नाही. पहिलं वाक्य तोंडातून निघालं ते "बाबांना सांगू नकोस." तिने मान हलवली आणि उरलेली वाटी-चमचे पुसून ठेवले.

मग तिने एक आठवण सांगितली. २००६ साली राजपीपळ्याचे राजपुत्र मानवेंद्रसिंह गोहिल यांनी आपण समलिंगी असल्याचं वर्तमानपत्रातून उघड सांगितलं होतं. राजपीपळा इथून काही फार लांब नाही, त्यामुळे महिनाभर घराघरात तोच विषय होता. त्यांच्या घरच्यांनी संबंध तोडल्याची जाहीर नोटीसही दिली होती. मृणाल तेव्हा आठवीत होती. "तू आत्याला म्हणाली होतीस, त्या आईने बरोबरच केलं. मी जिन्यात बसून ऐकलं." मला ते बोलल्याचं आठवतसुद्धा नव्हतं. आईच्या एका वाक्यावर मुलगी बारा वर्षं गप्प राहिली. आयुष्यभर शाळेत मुलं सांभाळली मी, आणि घरातलं एक मूल जिन्यात बसलेलं दिसलं नाही.

यांना कळलं ते आठ महिन्यांनी. चिडले नाहीत, ओरडले नाहीत, पण बोलणं कमी केलं. रोज संध्याकाळी सुरसागर तलावाला फेऱ्या मारायला जायचे, ते अंधार पडल्यावर यायचे. एकदा आल्यावर चपला काढता काढता म्हणाले, "म्हातारपणी एकमेकींना बघायचा हक्क तरी असेल का यांना?" त्यांची काळजी तीच होती. समाजाचं त्यांना फारसं नव्हतंच, ते माझ्या डोक्यात होतं.

आम्हाला दोघांनाही हलवलं ते २०२२ च्या पावसाळ्याने. हेतलला डेंग्यू झाला. प्लेटलेट भराभर उतरायला लागल्या, तेव्हा मृणालने रात्री दीड वाजता तिला रिक्षात घालून एका खाजगी दवाखान्यात नेलं. दोघींचं एकत्र घर होऊन तोपर्यंत चार वर्षं झाली होती. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, पेशंटची कोण? मृणाल म्हणाली, आम्ही एकत्र राहतो. तो म्हणाला, मग घरच्यांना बोलवा, संमतीच्या कागदावर नातेवाइकाची सही लागेल. हेतलचा भाऊ आणंदहून भर पावसात निघाला. तो पोचेपर्यंत पावणेचार वाजले. सलाईन लावलेलं होतं, उपचार काही थांबले नव्हते, पण मृणालला आत जाऊ दिलं नाही. त्या सव्वादोन तासांत ती बाहेरच्या बाकावर बसून मला फोन करत होती. मी आणि हे पोचलो तेव्हा तिच्या हातात हेतलच्या चपला होत्या. रिक्षातून उतरवताना निघाल्या होत्या, त्या तिने खाली ठेवल्याच नव्हत्या.

भाऊ वर्षभर बहिणीशी बोलला नव्हता. तरी सही त्याची चालली.

त्या सकाळी घरी आल्यावर यांनी कपाटातून एक जुनी कापडी पाठीची फाइल काढली, लाल दोरीची. आतले कंपनीचे कागद रिकामे केले आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं : 'मृणाल–हेतल'.

२०२३ च्या एप्रिल-मेमध्ये सुप्रीम कोर्टात दहा दिवस सुनावणी चालली. मागणी अशी होती की १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात स्त्री-पुरुषांइतकीच जागा समलिंगी जोडप्यांनाही मिळावी. हैदराबादचे सुप्रियो चक्रवर्ती आणि अभय डांग हे पहिले अर्जदार. प्रक्षेपण रोज घरबसल्या दिसायचं. हे वही घेऊन बसायचे. सरकारचं म्हणणं कोर्टात आलं की हा शहरी उच्चभ्रूंचा विचार आहे. मला ते फार लागलं. मी प्राथमिक शाळेतली शिक्षिका, हे कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, हेतलच्या वडिलांचं आणंदला धान्याचं दुकान. आमच्यात उच्चभ्रू कोण होतं?

त्याच एप्रिलमध्ये 'स्वीकार' या समलिंगी मुलांच्या पालकांच्या गटाने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. ४०० हून जास्त आईवडिलांचं पत्र. आमचं वय होत चाललंय, आमच्या हयातीत आमच्या मुलांच्या लग्नांना कायद्याची मान्यता मिळालेली पाहू द्या, असं त्यांचं मागणं होतं. त्या पत्रावर माझं नाव नाही. तेव्हा मी माझ्या भजनी मंडळातसुद्धा कुणाला सांगितलेलं नव्हतं.

निकाल आला १७ ऑक्टोबरला, नवरात्रातली तिसरी माळ. पाचही न्यायाधीश एका गोष्टीवर एकमत झाले : लग्नाचा मूलभूत हक्क घटनेत नाही, कायदा करायचा तर तो संसदेने. निदान एकत्र राहण्याच्या नात्याला कायदेशीर मान्यता द्यावी, या मुद्द्यावर तीन विरुद्ध दोन असं झालं आणि तेही गेलं. समलैंगिकता ही शहरी किंवा श्रीमंतांपुरती गोष्ट नाही, हे सरन्यायाधीशांनी आपल्या निकालपत्रात लिहिलं, तेवढं मात्र यांनी वहीत दोनदा अधोरेखित केलं. संध्याकाळी सगळं बडोदं गरब्याला निघालं. मला वाटलं, मुली दार लावून बसतील. साडेआठला दोघी चणियाचोळी घालून दारात उभ्या. हेतल म्हणाली, "मावशी, आजे तो जवुं ज पडे." रात्री दीडला परत आल्या, पाय धुऊन स्वयंपाकघरात बसल्या, आणि मग रडल्या.

त्या रात्री मी ठरवलं, कायदा येईल तेव्हा येईल. आशीर्वाद द्यायला आम्हाला कुणाची परवानगी लागत नाही.

म्हणायला सोपं होतं ते. आधी मला मंडळात सांगावं लागलं. मांडवीच्या विठ्ठलमंदिरात प्रबोधिनी एकादशीला पालखी निघते, त्या तयारीसाठी आम्ही चौदा जणी जमलो होतो. मी टाळ खाली ठेवून सरळ सांगितलं. दोन जणी उठून गेल्या. एक म्हणाली, औषध असेल ना यावर? मी म्हटलं, आजार असता तर दिलं असतं. आणि चार दिवसांनी खंडेराव मार्केटात झेंडूचा भाव करत असताना एकीने माझा दंड धरून बाजूला घेतलं आणि आपल्या पुतण्याचं सांगितलं. तो अमेरिकेत आहे, सहा वर्षं घरी आलेला नाही. "त्याला बोलवू का गं?" असं तिने मला विचारलं. मला.

तर ते तिसरे गुरुजी. वय पंचाहत्तर. त्यांच्या बैठकीच्या खोलीत आजोबांचं पिवळं पडलेलं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं आहे. सयाजीराव महाराजांनी १९१५ साली पुरोहितांसाठी कायदा केला होता, पौरोहित्य करायचं तर परीक्षा द्या. ज्या राज्यात १९०४ मध्ये बालविवाहाला बंदी आली, तिथे भटजींनाही अभ्यास चुकला नाही. गुरुजी म्हणाले, "दोन मुलींचं लग्न शास्त्रात सांगितलंय असं मी खोटं बोलणार नाही. सांगितलेलं नाही. पण आजोबा म्हणायचे, ज्याला अर्थ कळला नाही त्याला मंत्र देऊ नये. मुलींना चार शनिवार माझ्याकडे पाठवा. अर्थ ऐकून त्या म्हणाल्या करू, तर करू."

पहिल्याच शनिवारी कन्यादान गळलं. मृणालला ते नकोच होतं. आणि गुरुजींचा विचार असा, की एक देणारा आणि एक घेणारा असा तो विधी. इथे दोन्हीकडचे देणारेच, तर तो बसतच नाही. मुंडावळ्यांचा प्रश्न आला नाही, आपल्यात त्या दोघांनाही बांधतातच. पाचव्या पावलाला 'प्रजाभ्यः' येतं. हेतल म्हणाली, हे गाळू या. गुरुजी म्हणाले, "मंत्र मी गाळत नाही. प्रजा म्हणजे तुमच्या आधाराने जे कुणी वाढेल ते. कोण वाढेल ते तुम्ही ठरवा." ती फिजिओथेरपिस्ट आहे, चालता न येणाऱ्या मुलांना रोज चालवते. ती काही बोलली नाही, पण पुन्हा गाळू या म्हणाली नाही.

तिसऱ्या शनिवारी मीही गेले होते. गुरुजींनी सप्तपदीचे शब्द पाटीवर लिहिले होते, शाळेत लिहितात तसे. इष एकपदी, ऊर्जे द्विपदी, रायस्पोषाय त्रिपदी... एकपदी, द्विपदी ही सगळी स्त्रीलिंगी रूपं, कारण आमच्या ऋग्वेदी पद्धतीत हे वराने वधूला म्हणायचं असतं. मग त्यांनी सातव्या ओळीखाली खडूने रेघ ओढली. 'सखा सप्तपदी भव.' "बघा, वधूलाच म्हणतोय, पण 'सखी' म्हणत नाही. 'सखा' म्हणतो. सहा पावलं अन्न, बळ, धन, सुख, प्रजा, ऋतू. आणि सातव्याला मागतो काय, तर मैत्री. तिथे ऋषींनी स्त्री-पुरुष बघितलं नाही." हा त्यांचा अर्थ. दुसरा कुणी व्याकरणाने वेगळा लावेलही. पण माझ्या लग्नात हे सात शब्द माझ्यासाठी म्हटले गेले होते, तेव्हा मी बावीस वर्षांची होते, आणि कुणी मला त्यांचा अर्थ सांगितला नव्हता.

२०२५ च्या जानेवारीत फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. त्यानंतर माघातल्या एका रविवारी, दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या चौकात लग्न लागलं. माणसं बासष्ट. वन्सं आल्या नाहीत, अजूनही येत नाहीत. मंडळातल्या नऊ जणी आल्या. दोघी एकाच गौरीहरापाशी बसल्या. हेतलचा मामा येणार नव्हता, म्हणून माझ्या भावाने एका हाताला भाची आणि दुसऱ्या हाताला हेतल, असं दोघींना बाहेर आणलं. अंतरपाटाचं एक टोक यांनी धरलं होतं. मंगलाष्टकं संपेपर्यंत तो पाट इतका थरथरत होता, की गुरुजींच्या मुलाने दुसऱ्या टोकाने तो ताणून धरला. लाजाहोमाला दोघींच्याही ओंजळीत लाह्या घातल्या माझ्या भाच्याने आणि कान पिळायचाही हक्क त्याने दोनदा बजावला.

हेतलच्या आईबद्दल लिहायलाच हवं. लग्नाच्या दहा दिवस आधी दुपारी दोनला तिचा फोन आला. त्या वेळी नवरा दुकानात असतो. नाव सांगितलं आणि एवढंच विचारलं, "केटला माणस थशे, बेन?" साठेक, म्हटलं. पुढे दोघीही गप्प. मग फोन ठेवला. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी तिची भाची एक पिशवी घेऊन आली. आत पानेतर, म्हणजे गुजराती नवरीचं लग्नातलं लुगडं, पांढरं, लाल काठाचं, डांबरगोळ्यांचा वास येणारं. तिचं स्वतःचं. घडीत ५०१ रुपये आणि एक सुपारी. हेतल ते नेसून सात पावलं चालली. तिची आई आली नाही. पानेतर परत मागितलेलंही नाही.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात लिहिलेलं आहे, की ज्यांच्यात सप्तपदी आहे त्यांचं लग्न सातवं पाऊल पडलं की पूर्ण होतं. आमच्या चौकात सात पावलं पडली. कायद्याच्या लेखी त्या दिवशी काहीच घडलं नाही. मला हे पटत नाही आणि पटवून घ्यायचंही नाही.

म्हणून ती लाल दोरीची फाइल. यांनी दोन वर्षं एकेक कागद जमवला. एक तरुण वकीलबाई मिळाल्या, त्यांनी समजावून सांगितलं. गुजरातेत पूर्वी स्टॅम्पपेपरवर 'मैत्री करार' करायची पद्धत होती, बाई आणि पुरुष लग्नाशिवाय राहायचे तेव्हा. पण त्याला लग्नाचा दर्जा कधीच नव्हता. त्यापेक्षा एकेका हक्काचा वेगळा कागद करा. दोघींची मृत्युपत्रं झाली. त्याला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, पण आम्ही करून घेतली, कारण उद्या चुलत-मावस नातेवाइकांनी बोट ठेवायला नको. स्वतः निर्णय सांगता येणार नाही अशा गंभीर आजारपणासाठी आगाऊ वैद्यकीय निर्देश केला. २०२३ पासून तो दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडे साक्षांकित केला की चालतो, आणि निर्णय कुणी घ्यायचा त्याचं नाव त्यात घालता येतं. बँकेत जोडखातं आणि नॉमिनी म्हणून एकमेकींची नावं. त्याला आडकाठी नाही, असं अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्टच केलं आहे, तो छापील कागद यांनी सोबत नेला होता. रेशनकार्डासाठी अशा जोडप्यांना एकाच घरातलं धरावं असंही केंद्राने राज्यांना कळवलं.

एवढं करूनही भोकं राहतातच. पीएफच्या फॉर्ममध्ये कुटुंब असलं तर कुटुंबाबाहेरचं नाव चालत नाही, आणि कुटुंबाच्या व्याख्येत जोडीदार म्हणजे नवरा किंवा बायकोच. विम्यात हेतलचं नाव लागतं, पण आईवडील, नवरा-बायको, मुलं यांना जो पैशावर पक्का हक्क मिळतो तो तिला नाही. नवऱ्याने बायकोला कितीही दिलं तरी कर नाही. हेतलने मृणालला वर्षात पन्नास हजारांच्या वर दिलं तर ते मृणालचं उत्पन्न धरतात. मुखत्यारपत्र तर माणूस गेला की संपतं, नेमकं लागतं तेव्हाच. एका सहीने जे सगळं आपोआप मिळतं, ते जमवायला आम्हाला अकरा कागद लागले.

२०२५ च्या पावसाळ्यात मृणालला पित्ताशयाचे खडे निघाले. ऑपरेशन ठरलं, दुसऱ्या एका दवाखान्यात. हेतल फाइल घेऊन काउंटरवर उभी राहिली, मी शेजारी. आतली मुलगी तिच्याच वयाची. तिने वैद्यकीय निर्देश पाहिला, नोटरीचा शिक्का पाहिला, "एक मिनिट हां" म्हणून आत गेली. दहा मिनिटांनी आली आणि मला म्हणाली, "मासी, तमे मम्मी ने? तमे सही करी दो." फाइलमध्ये सगळं होतं. मद्रास उच्च न्यायालयाने मे महिन्यात म्हटलं होतं, की कुटुंब करायला लग्न हा एकच मार्ग नाही. त्या निकालाची प्रतसुद्धा यांनी मागे लावली होती. पण पेन माझ्या हातात आलं.

मी सही केली नाही. म्हटलं, पहिली हिची घ्या, मग माझी. ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग हेतलकडे. "आ तमारां शुं थाय?" या तुमच्या कोण लागतात, असं मला विचारलं. मी म्हटलं, एनेज पूछो.

तिने फॉर्म फिरवून हेतलपुढे सरकवला. हेतलने सही केली. बाजूला 'संबंध' असा छापील चौकोन होता, नखाएवढा. तिने गुजरातीत लिहायला घेतलं, अक्षरं दाबून दाबून, 'जीवनसाथी'. 'सा' पर्यंत आत मावलं. 'थी' रेघेबाहेर गेला.